मिथेनचा खड्डा

चार दिवसांच्या सुट्टीवर मी भालकीला घरी आले होते, पण जीव लॅपटॉपमध्ये अडकलेला. गुरू ग्रहावरून परतणारा सूर्यप्रकाश तपासणं हे माझं पीएचडीचं काम. तिथल्या हवेतला मिथेन त्यातले ठरावीक रंग गिळतो आणि आलेखात तिथे खड्डा पडतो. ढग जितके खाली, तितका खड्डा खोल. यंदाचा खड्डा मागच्या वर्षीपेक्षा बराच खोल होता. म्हणजे ढग खचले होते! उतावीळपणे मी बेंगळुरूला गाईड मॅडमना मेल टाकला आणि तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरेना. भाकरी थापतानाही डोळा मोबाईलवर. मॅडमचं उत्तर नाही.

"कामून येरझाऱ्या घालायलीस?" अप्पांनी विचारलं. माझे वडील साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेले. उसाच्या रसातून उजेड सोडून साखर मोजण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. मी आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"कोऱ्या पाण्याचं रीडिंग कवा घेतलीस?"

"अप्पा, इथं पाणी कुठलं?"

"अगं, रसाच्या आधी नळीत नुसतं पाणी घालून शून्य लावावं लागतंय. न्हाई तर नळीचा दोष रसाच्या माथी. तुझं पाणी कोणतं?"

माझं पाणी म्हणजे सूर्यासारखा एक तारा. त्याच्या प्रकाशाने गुरूच्या प्रकाशाला भागलं की पृथ्वीच्या हवेची भेसळ निघून जाते. मात्र दोघं आकाशात सारख्याच उंचीवर असताना टिपायला हवेत. मी नोंदी उघडल्या. तारा डोक्यावर असताना टिपलेला, गुरू पार क्षितिजाजवळ उतरल्यावर. क्षितिजाजवळून येणाऱ्या प्रकाशाला जास्त हवा ओलांडावी लागते; त्या आपल्याच हवेतली वाफ माझ्या खड्ड्यात मिसळली होती.

माझे कान तापले. "मी मॅडमना कळवून बसले की हो."

"मग हे बी कळव. आत्ताच."

चार ओळींच्या त्या मेलला तासभर लागला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मागच्या वर्षीचा तारा कुठे होता, तेही बघ."

मागच्या वर्षीचा खड्डाही चुकीचा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या नोंदी बेंगळुरूच्या मशीनवर. सुट्टीचे दोन दिवस बाकी असताना मी बॅग भरली. अप्पा स्टँडवर सोडायला आले. बस हलायला लागली तरी खिडकीशी चालत विचारत होते, "तारा एकच घेतीस का दोन?"

"एकच."

"दोन घेत जा, एकाची चूक दुसऱ्यावरून कळती," ते ओरडले.