अण्णांसाठी वाजवलेला मार्च

सुमेधाताई खैरनार नवं गाणं ऐकायला बसल्या की आधी पायांतल्या चपला काढून ठेवत. "पाय काय म्हणतात ते बघायचं, कान काय, कुणालाही हो म्हणतात," असं त्यांचं म्हणणं.

दोह्यात आम्ही एका ऑफिसात स्टेडियमच्या छताची ड्रॉइंग्ज तपासायचो. वर्ल्ड कपच्या तयारीत सगळ्यांच्या तोंडी फक्त डेडलाइन असे. शुक्रवारी सकाळी मात्र अल रय्यान भागात ताईंच्या घरी आमचा बँड जमे. ताई हार्मोनियमवर, रत्नागिरीचे अन्वरभाई ट्रम्पेटवर, साठी उलटलेला आमचा अमेरिकन सहकारी वॉल्टर बँजोवर आणि मी ढोलकीवर. वॉल्टरच्या गावाकडची जुनी कंट्री गाणी आणि परेडमध्ये बँड वाजवतात ते अमेरिकन मार्च यांचा अल्बम ताईंना करायचा होता, पण होती तशी वाजवून नाही. आगगाडीच्या एका गाण्यातला ताल त्यांनी काढूनच टाकला. उरले ते नुसते निरोपाचे सूर. वॉल्टर ऐकत राहिला आणि म्हणाला, माझी आई हे असंच गुणगुणायची. "गाणं मोडत नाही हो, उसवून बघतेय," ताई म्हणाल्या.

एका मार्चवर मात्र अडलं. ताईंचे वडील, अण्णा, नाशिकला पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत; हा मार्च ताईंनी त्यांच्याकडूनच ऐकलेला. तो त्यांना अगदी संथ लयीत हवा होता. अण्णांनी फोनवर ऐकलं, मार्चला हात लावायचा नाही एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. ताईंनी तो वगळला.

मग कोविड आला. विमानं बंद असतानाच अण्णा गेले. ताईंना जाता आलं नाही.

निर्बंध थोडे सैल झाल्यावर आम्ही तिघं भेटायला गेलो. ताईंनी हार्मोनियम पुढे ओढली.

"अण्णांना पोचवायला चारच माणसं होती," त्या म्हणाल्या. "बँडवाल्या माणसाला बँड नाही. मला त्यांच्याबरोबर चालायचंय."

आणि तो मार्च सुरू झाला, खांद्यावर ओझं असल्यासारखा. वॉल्टरने बँजोची एकच तार धरली. अन्वरभाईंनी न विचारता फोनवर रेकॉर्डिंग लावलं. माझा हात ढोलकीवर पडलाच नाही. परेडमध्ये शेकडो वेळा ऐकलेल्या त्या सुरावटीत एवढं दुःख दडलेलं असेल, असं कधी वाटलं नव्हतं. अल्बममध्ये तेच रेकॉर्डिंग गेलं, एक सूरही न बदलता.

पुढे सुट्टीत ताईंनी नाशिकला अण्णांच्या बँडमधल्या निवृत्त सोबत्यांना घरी बोलावलं. मीही होतो. अण्णांना मार्च असा संथ पसंत नव्हता, हे ताईंनी आधीच सांगितलं आणि अल्बममधला तो मार्च लावला. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग एकजण काठी टेकत उभा राहिला, मागोमाग सगळे. सूर थांबले तरी कुणी बसलं नाही.

शेवटी त्यांच्यातले सर्वांत वयस्क गृहस्थ म्हणाले, "पोरी, परत लाव."