चारी चाकांची हवा

टायरच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला कुठे जाता येत नाही, आणि आमच्या कोल्हापुरात रिकामा बसलेला माणूस गप्प बसत नाही. मी मात्र बसते. शाळेतून आले की काउंटरमागच्या स्टुलावर पुस्तक उघडते आणि मान खाली घालून ऐकते. लोकांना वाटतं, पोरगी अभ्यासात आहे. असं करत करत सगळ्यांचं बोलणं माझ्याकडे साठत गेलं.

दुकान मंगळवार पेठेत. बाबा चालवतात. वर आमचं घर. गेल्या वर्षापासून दुकानात काकाही बसतात. ते बाबांचे धाकटे भाऊ. आधी स्वतःची गाडी भाड्याने चालवायचे. एकदा काकीला घेऊन जयसिंगपूरहून येताना त्या गाडीचा मागचा टायर फुटला. काकी गेली.

टायरमध्ये खिळा होता. हवा हळूहळू उतरत होती. हवा कमी झाली की टायर दबतो, दबला की तापतो आणि तापून फुटतो. आत बसलेल्याला यातलं काही कळत नाही. काकी वाटेत म्हणाली होती, "गाडी मागनं डुलाय लागलीया." काका म्हणाले होते, "रस्ता खराब हाय."

हे काकांनीच बाबांना सांगितलं. एकदाच.

*

त्यानंतर काकांनी बाबांच्या मागे लागून दुकानात टायरची हवा मोजणारे सेन्सर आणायला लावले. नव्या गाड्यांना ते कंपनीतूनच येतात. जुन्या गाड्यांना आपण बसवायचे. व्हॉल्व्हची टोपी काढायची आणि तिथे टोपीएवढाच सेन्सर फिरवून बसवायचा. टायरमध्ये हवा किती आहे आणि तो किती तापलाय, हे तो रेडिओ लहरींनी डॅशबोर्डवरच्या छोट्या स्क्रीनला कळवतो. हवा उतरली की स्क्रीन ओरडते.

पहिला सेट काकांनी स्वतःच्याच गाडीला बसवला. गाडी दुरुस्त होऊन आली होती, पण काका तिच्या स्टीअरिंगला हात लावत नव्हते. ती दुकानाच्या कडेला नुसती उभी असायची. बाबांना वाटायचं, ती विकावी. डोळ्यांसमोरून जाऊ दे. काका हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

गाडी जवळच असल्यामुळे स्क्रीन दुकानात बसूनही चालायची. काका ती रात्री वायरने चार्ज करायचे आणि दिवसभर शर्टाच्या खिशात ठेवायचे. ती ओरडली की उठायचे, कुठलं चाक ते बघायचे आणि पायाच्या पंपाने हवा भरून यायचे. आई वरून हाक मारायची, "भावजी, ताट वाढलंय!" काका म्हणायचे, "आलो. हिचं बघतो आन् आलो."

एका गिऱ्हाइकाला राहवलं नाही. "पावणं, उभ्या गाडीला सेन्सर कशापायी?"

काका म्हणाले, "उभी गाडीबी हवा सोडतीच की!"

*

आमच्या पेठेत एक भांड्यांचे व्यापारी आहेत. मोठे सावध. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघतात. बाबांनी सेन्सर बसवून दिले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "चोरीला गेले तर?"

पुढच्याच रविवारी सगळं घर घेऊन ते मिसळ खायला गेले. पोरं गाडीतच बसून राहिली, हे उतरले. थोड्या वेळाने स्क्रीन जी बोंबलायला लागली, ती थांबेना! चारी चाकांत हवा शून्य. पोरं घाबरून रस्त्यावर, मिसळ टेबलावर, आणि हे तणतणत आमच्या दुकानात.

"काय मशीन दिलंय? चारी टायर ठणठणीत हायेत, आन् ही शून्य दाखवतीया!"

बाबा चाकाशी वाकले. "शेठ, सेन्सर कुठं हायेत?"

शेठनी खिशात हात घालून चारी काढून दाखवले. "हे काय. हॉटेलात जाताना काढून घेतलेत. लोकांचा काय भरवसा?"

बाबा म्हणाले, "मग मशीन खरंच बोलतंय. तुमच्या खिशात हवा न्हाई."

सगळे हसले. काकाही हसले. अपघातानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, म्हणून मी हसायची विसरले.

*

वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या जीपचा एक ड्रायव्हर आहे. त्याच्या स्क्रीनचा अलार्म रोज सकाळी वाजायचा. मग एकदा आला तर स्क्रीन गप्प!

बाबा म्हणाले, "दुरुस्त झालं वाटतं?"

"दुरुस्त कशाला? आवाज येतो त्या भोकावर चिकटपट्टी लावली. घरात बायकोची कटकट, गाडीत हिची. माणसानं जगायचं कसं?"

बाबा खोकले. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. तो आपला हसत होता. काका उठले आणि त्यांनी साबणाचं पाणी घेऊन त्याच्या टायरवर टाकलं. एका जागी बारीक फेस फुगायला लागला. काकांनी पकडीने खिळा उपसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"दोघींचं ऐकत जा," म्हणाले.

ड्रायव्हर गेल्यावर त्याने सोलून टाकलेली चिकटपट्टी फरशीवर दिसली. झाडताना आईने विचारलं, ही कसली? काकांनी ती उचलून केराच्या टोपलीत टाकली.

*

टायर सारखे झिजावेत म्हणून मधूनमधून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालतात. हे करताना सेन्सरही आपापल्या चाकाबरोबर जातात. पण स्क्रीनला ते नव्याने सांगावं लागतं. न सांगता कुणी दुसरीकडे चाकं बदलून घेतली, तर ती मागच्या चाकाचं दुखणं पुढच्याच्या नावावर सांगते.

राजारामपुरीतल्या एका बाईंचं तसंच झालं. स्क्रीन म्हणे, पुढच्या उजव्यात हवा कमी. त्या हवा भरायच्या. तरी कमीच! परत भरायच्या. शेवटी पुढचा टायर दगडासारखा टणक झाला, गाडी प्रत्येक खड्ड्यात उड्या मारायला लागली, आणि मागचा तिकडे जमिनीला टेकलेला!

"मला वाटलं, पुढच्याचंच नशीब वाईट," त्या बाबांना म्हणाल्या.

*

दसऱ्याला गाड्यांची पूजा होते. दूध डेअरीला जाणारे एक अण्णा आहेत. त्यांच्या घरच्यांनी स्टीअरिंगला हळदकुंकू लावलं, स्क्रीनलाही लावलं आणि वर झेंडूचा जाड हार घातला. गाडीतली स्क्रीन उन्हावर चार्ज होते, तिच्या माथ्यावर सोलरची पट्टी असते. ती पट्टी हाराखाली गेली. स्क्रीन बंद.

बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, हार काढा. चालू हुईल."

"काढून कसं चालंल? दसऱ्याचा हार दिवाळीपतोर काढत न्हाईत आमच्यात!"

"मग तवर टायरकडं कोण बघणार?"

अण्णांनी डॅशबोर्डवरच्या देवीच्या फोटोकडे बोट दाखवलं. "ही हाय की!"

काका चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "आमच्याबी गाडीत हुता फोटो."

अण्णांनी स्वतःच तो हार उचलला, कपाळाला लावला आणि देवीच्या फोटोवर घातला.

*

गाडी बघायला गिऱ्हाइकं येतच होती. बाबा बोलणी करायचे आणि काका मधेच काहीतरी बोलून त्यांना परत पाठवायचे. इंजिन आवाज करतंय, म्हणायचे. दार नीट लागत नाही, म्हणायचे. बाबा रात्री जेवताना चिडायचे, "तुला इकायची हाय का न्हाई, ते एकदा सांग!" काका भाकरी मोडत राहायचे.

मग एक नवरा-बायको आले. नवीनच लग्न झालेलं. नवरा पुढे बसून सगळी बटणं दाबून बघत होता. बायको मागे उभी होती, माझ्यासारखीच न बोलणारी. बाबांचं सांगून झालं, तसे काका पुढे झाले. आता दार लागत नाही म्हणणार, असं मला वाटलं.

"या गाडीत माझी बायको गेली," काका म्हणाले. "टायर फुटला. मी चालवत हुतो."

बाबांनी कपाळाला हात लावला. नवरा बटणं दाबायचा थांबला. मग ती मुलगीच हळू आवाजात म्हणाली, "आता हवेचं ते मशीन बसवलंय न्हवं?"

"बसवलंय."

"मग मी ध्यान ठेवीन त्याच्यावर. हे ठेवायचे न्हाईत."

काका बाबांकडे वळून म्हणाले, "द्या ह्यांना."

कागदपत्रं झाली आणि ते गाडी न्यायला आले, त्या दिवशी काकांनी बाबांना एक नवी स्क्रीन जोडायला सांगितली. सेन्सर तेच, फक्त स्क्रीन दुसरी. सेन्सर हवेत नुसतं बोलत असतात, ज्या स्क्रीनला त्यांची ओळख करून द्याल ती ऐकते. दोन असल्या तर दोन्ही ऐकतात. नवी त्यांच्या डॅशबोर्डवर बसली. काकांची जुनी खिशातच राहिली.

काकांनी चारी चाकांत हवा भरून दिली. त्या मुलीला स्क्रीनवरचा एकेक आकडा समजावला. "हितं कमी दिसली की गाडी थांबवायची. कोण काय म्हणंल ते ऐकायचं न्हाई."

गाडी सुरू झाली. पेठेतल्या गर्दीतून हॉर्न वाजवत हळूहळू निघाली. काका पायरीवर उभे राहून हातातली स्क्रीन बघत होते. मी स्टुलावरून उठून त्यांच्या शेजारी गेले. चार आकडे होते. गाडी कोपऱ्यावर वळली. ती टप्प्याबाहेर जायला लागली, तशी एका आकड्याच्या जागी आडवी रेघ आली. मग दुसऱ्याच्या. थोड्या वेळाने उरलेले दोन्ही आकडे गेले.

आई वरच्या खिडकीतून वाकून बघत होती. तिने विचारलं, "काय दाखवतंय, भावजी?"

काकांनी स्क्रीन शर्टाला पुसली.

"चारी चाकं बरोबर हायेत, वैनी."