पाण्यानं तपासलेला पंप

ढाणकीच्या बाजारात नजीरभाईचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान, आणि समोर माझं शिवणकाम. बोंडअळीच्या साली शेतकरी कपाशीवर आठ-आठ दिवसांनी फवारू लागले, तशी पाठीवरच्या पंपांच्या फुटक्या टाक्यांची रीघ लागली. टाकी चिकटवायच्या ट्यूबा विकणारेही आले, गुळाला मुंगळे लागावेत तसे.

नजीरभाईचा एकाही ट्यूबवर भरवसा नव्हता. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या चिकटवून तो आधी ओढायचा, मग कोपऱ्यातून नखानं सोलून बघायचा. ओढून न निघालेली पट्टी सोलली की झटकन सुटायची. "चिकटते तं सारंच, धरते का ते सांगा," म्हणायचा. शेवटी सांधलेल्या टाकीत पाणी भरून ती दिवसभर उन्हात टांगायचा.

एका ट्यूबनं सांधलेली रामराव या शेतकऱ्याची टाकी या सगळ्यातून पार पडली. ती घेऊन तो वावरात गेला. भर दुपारी सांधा सुटला आणि औषध पाठीवरून कमरेपर्यंत ओघळलं. दवाखान्यात त्याची बायको विमलताई सहा दिवस उशाशी बसून होती. रामराव वाचला, पण डोळ्यांना अजून धूसर दिसतं.

औषधात रॉकेलसारखं काहीतरी असतं, त्यानं सांधा मऊ पडतो. एवढी एक ओळ ट्यूबवर छापायला मेल्यांना शाई पुरली नाही! माझं डोकं आजही फिरतं.

रामरावच्या टाकीला लावलेली ट्यूब ज्यानं विकली होती, तोच विक्रेता पंधरा दिवसांनी इस्तरीचा शर्ट घालून पुन्हा आला. चिकटवलेल्या पट्ट्यांना त्यानं वीट टांगली. "बघा, किती वजन पेलतं!"

"वीट जाते का बे फवारणीले?" नजीरभाई कडाडला. "ह्या ट्यूबनं सांधलेली टाकी औषधानं भर, पाठीवर घे, अन् दुपारभर वावरात चाल."

"माझ्या पाठीवर कशाला?"

"मंग रामरावच्या पाठीवर कायले?"

विक्रेता ट्यूबा गोळा करत म्हणाला, "पंप तर तुम्हीच तपासून दिला होता."

नजीरभाई आता याच्या कानाखाली वाजवणार, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं. पण तो मटकन खाली बसला.

"हो," म्हणाला, "पाण्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सळई तापवली आणि दुरुस्तीला आलेल्या एकेका फुटक्या टाकीला, पुन्हा सांधताच येऊ नये असं, रुपयाएवढं भोक पाडू लागला. गिऱ्हाइकं शिव्या देत होती. तेवढ्यात विमलताई आली, पोत्यात गुंडाळलेली रामरावची टाकी तिनं त्याच्यापुढं ठेवली.

"नजीरभाई, हिलेबी पाडा."