हीटिंग बंद पडणारच

इथे परदेशात, श्रूजबरी गावातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत सगळे आयटीवाले. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे म्हटलं की समोरचा क्षणभर कळवळतो. एका काकूंनी तर मायेने सुचवलं होतं की नवऱ्याला सांग, त्याच्या कंपनीत काहीतरी बघेल.

आमच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या मंडळाचं दुखणंही हेच. आपण लोकांना दिसत नाही, म्हणून सरकार आपल्याला विचारत नाही, असं दर बैठकीत ठरायचं आणि पिझ्झा खाऊन सगळे घरी जायचे. मग गावात नवी शाळा बांधायचं ठरलं. तिच्या समितीत वकील होते, आर्किटेक्ट होते, घरं विकणारेही होते, पण यंत्रांतलं कळणारं कुणी नव्हतं. इकडे जुन्या शाळेत वर्ग गरम ठेवणारं हीटिंग बिघडलेलं, त्यामुळे माझी मुलगी जॅकेट घालून गणितं सोडवत होती आणि समोरच्या वर्गात उकडतं म्हणून भर जानेवारीत खिडक्या उघड्या होत्या. समितीत एक जागा मेकॅनिकल इंजिनिअरला द्या, असा प्रस्ताव आम्ही गावसभेपुढे ठेवला. ती जागा मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

मतदानाआधी गावाच्या टीव्ही चॅनलवर माझी मुलाखत ठरली. मंडळाच्या अध्यक्षांनी मला पढवून ठेवलं: हसायचं, आकृती काढायची नाही, 'डिपेंड्स' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. घरी नवरा मुलाखतकार होऊन सोफ्यावर बसला. तालीम झकास झाली.

प्रत्यक्षात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गोड हसून विचारलं, तुम्ही समितीत आलात तर नवं हीटिंग बंद पडणार नाही ना? नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आमच्या कामात हे कुठे मोडेल, इथूनच सुरुवात करायची असते. मी म्हणाले, "पडेल. मशीन आहे, कधीतरी बंद पडणारच. कुठे बिघडलंय ते पटकन कळावं आणि दुरुस्त करणाऱ्याचा हात तिथे पोचावा, एवढं मी बघेन." बाईंचं हसू मावळलं. मग सावरायला म्हणून मी कोणकोणते भाग आधी जातात ते सांगत बसले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, सिंपल नो म्हणायचं होतं, यार."

मुलीने मान हलवली. "आई, यू स्केअर्ड एव्हरीवन."

गावसभेत मी मागच्या रांगेत तोंड लपवून बसले. त्या थंड वर्गात शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई बोलायला उठल्या. यंदा नक्की दुरुस्त होईल, असं त्यांना दर हिवाळ्यात कुणीतरी सांगितलं होतं. बंद पडेल म्हणून तोंडावर सांगणारी ही पहिलीच भेटली, असं त्या म्हणाल्या. हात भराभर वर झाले. ती जागा मंजूर झाली आणि पुढे मलाच मिळाली. खरं सांगते, मला रडूच आलं.

समितीच्या पहिल्याच बैठकीला एका हीटिंग कंपनीचा सेल्समन आला. बाहेरगावचा होता बिचारा, आमचं चॅनल त्याने पाहिलेलं नसणार. चकचकीत चित्रं दाखवून तो म्हणाला, आमची सिस्टिम कधीच बंद पडत नाही. सगळी समिती वळून माझ्याकडे बघायला लागली आणि मी खुर्ची पुढे ओढली.