विनापरवाना धूर

माझ्या आतेभावाइतका धुराचा हाडवैरी अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. तीस वर्षं त्याने सरकारी नोकरीत कारखान्यांच्या धुराड्यांखाली उभं राहून धूर मोजला आणि निवृत्त झाल्यावर नाशिकचा फ्लॅट बंद करून चाळीसगावजवळच्या आपल्या शेतावर एकटाच राहायला आला, तो धूर मोजायचं यंत्र घेऊनच. ते ताइतासारखं सदा गळ्यात. गणपतीच्या आरतीत त्याने ते उदबत्त्यांसमोर धरलं आणि बारापैकी आठ विझवल्या. दूध न्यायला येणाऱ्याची फटफटी बांधावरच थांबते. दुधाचा कॅन हा स्वतः तिथवर वाहून नेतो. कपाशी निघाली की गावभर काड्या पेटतात, हा मात्र त्या बारीक करून खतात घालतो, आणि खत उत्तम होतं हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. रोज वहीत शेरा लिहितो : "गोठा : समाधानकारक. धूर : नाही." वही तपासणार कोण, हे त्याला विचारायची सोय नाही.

गाव हे सगळं हसून चालवून घेई. हसत नव्हती ती अक्का, त्याची थोरली बहीण. हा बदल्यांमागे फिरत होता तेव्हा हे शेत तिनेच कसलं होतं. पूर्वी ती त्याला भाऊ म्हणायची, तो परतल्यापासून साहेब म्हणू लागली. रोज शेतावरून जायची, पण दोन वर्षांत त्याच्याकडे एकदाही जेवली नाही. दिसला की विचारी, "साहेब, परत कवय जाशात?" परत जायची तारीख विचारणं तो हसण्यावारी नेई. मला मात्र फोनवर म्हणायचा, "तिच्यासाठी आलो रे, आणि ती मला पाहुणा समजते."

यंदा हिवाळ्यात त्याच्या भरताच्या वांग्यांचा पहिला तोडा निघाला. अक्का कशीबशी जेवायला कबूल झाली, मलाही बोलावणं होतं. त्याने वांगी भाजली ती गोबरगॅसवर, बिनधुराची. अक्काने एक घास खाल्ला आणि भाकरी ताटात ठेवली.

"साहेब, वांगं शिजनं. भरीत नही व्हयनं," एवढं बोलून ती उठली.

तिचं चुकत नव्हतं. काड्यांच्या जाळावर भाजल्याशिवाय आमच्याकडे त्याला कोणी भरीत म्हणत नाही. पण आतेभावाचा चेहरा माझ्याच्याने बघवेना.

पुढच्या रविवारी मी गेलो तर त्याच्या शेतावर धूर. काही पेटलं म्हणून धावलो. यंत्र बाभळीच्या फांदीला टांगलेलं, तेही बंद. हा कपाशीच्या काड्यांच्या जाळासमोर उकिडवा बसून खोकत होता आणि शेजारी अक्का.

"भाऊ, ते वांगं पलटाव आते," ती म्हणाली.

त्याने लगेच पलटवलं. मला पाहून नजर तेवढी चुकवली. जेवणं झाल्यावर दोघं भांडी घासायला बसली, तेव्हा मी हळूच वही उघडली. आजच्या तारखेपुढे लिहिलं होतं : "धूर : आहे. अक्का जेवली."

वही तपासायला कोणी यायचं नव्हतं, म्हणून मीच खाली सही केली.