ब्लाझो कुबालियाक ब्रादलोकडून खेळला

आपण निवृत्त होणार आहोत हे ब्लाझोला बेकरीत कळलं.

मे महिन्यातली सकाळ होती. तो पाव घ्यायला गेला होता. काउंटरमागच्या मार्गितानं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "केकवर ब्लाझेय लिहू की नुसतं ब्लाझो? पाच किलोंचा आहे, जागा भरपूर आहे."

"कसला केक?"

"तुझ्या निरोपाचा. क्लबनं सांगितलाय ना." मार्गितानं वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! तुला कुणी बोललंच नाही?"

ब्लाझोनं पाव काखेत मारला आणि तडक बर्फाच्या मैदानाचा रस्ता धरला.

तो छत्तीस वर्षांचा होता आणि गेली नऊ वर्षं क्रेमना गावाच्या आइस हॉकी संघात डावीकडून आघाडीला खेळत होता. त्याच्याआधी त्याचं आयुष्य बरंच लांबून फिरून आलं होतं. वडील इम्रिख लोखंडाच्या कारखान्यात ओतकाम करायचे. डिसेंबर लागला की कामगारांच्या फुटबॉल मैदानावर नळीनं पाणी सोडून ते बर्फ धरवायचे आणि तिथेच चार वर्षांच्या ब्लाझोला त्यांनी चुलतभावाच्या जुन्या स्केटमध्ये उभं केलं. स्केट सैल होते म्हणून आत दोन-दोन मोजे. पोरगं पडलं की इम्रिख ओरडायचे, "ऊठ! बर्फ गरम नाहीये, बसू नकोस!" उचलायला मात्र कधी गेले नाहीत.

सोळाव्या वर्षी ब्लाझो बैलासारखा वाढला. प्रशिक्षकानं ठरवलं, या देहाला बचावात टाकायचं. ब्लाझो म्हणाला, "मला गोल मारायचेत. दुसऱ्यांचे अडवत बसायला मी आलेलो नाही." प्रशिक्षकानं दोन महिने त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं. तो रोज वेळेवर यायचा, बसायचा आणि रोज तेच वाक्य सांगायचा. शेवटी आघाडीची दोन पोरं तापानं आडवी झाली तेव्हा नाइलाजानं त्याला उतरवलं आणि त्या दिवशी त्यानं दोन गोल मारले.

देखणे गोल त्यानं कधीच मारले नाहीत. विरुद्ध गोलरक्षकाच्या नाकासमोर जाऊन ठाण मांडायचं, बचाववाल्यांच्या स्टिकचे रट्टे पाठीवर झेलायचे आणि मागून कुणी भिरकावलेली चकती नडगीला, कमरेला, एकदा तर चक्क हेल्मेटला लागून आत गेली की हात वर करायचे, हा त्याचा धंदा. "कुबालियाकचा गोल सुंदर नसतो," इम्रिख म्हणायचे, "पण फळ्यावर सुंदर-असुंदर लिहीत नाहीत."

एकोणिसाव्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत एका अमेरिकन क्लबनं सातव्या फेरीत त्याचं नाव घेतलं. बाजार उठताना टोपलीच्या तळाशी उरलेली भाजी घ्यावी, तसं. तिकडे तीन वर्षं तो खालच्या संघातून खेळला. बारा-बारा तास बसमध्ये गुडघे मुडपून प्रवास, आणि वरच्या संघात सगळे मिळून सहा सामने. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षकानं बोलावून सांगितलं, की असा देह देवानं गोल मारायला दिलेला नाही. हातमोजे काढायचे आणि समोरच्यांना ठोकायचं, एवढंच काम तुला. ब्लाझोला तिकडची भाषा जेमतेम यायची, पण त्यानं जुळवून सांगितलं, "मी खेळायला आलो. मारायला दुसरा शोधा." पुढचे अकरा सामने त्यानं प्रेक्षकांत बसून पाहिले. वसंतात विमानाचं तिकीट हातात पडलं.

मग चार हंगाम चेक संघांत, एक हिवाळा कझाकस्तानात, आणि सत्ताविसाव्या वर्षी तो घरी आला. नऊ वर्षांत क्रेमनासाठी त्यानं एकशे त्रेसष्ट गोल मारले, त्या बदल्यात दोन दात आणि उजव्या गुडघ्यातली गादी गमावली.

रापावी साहेब क्लबचे नवे संचालक होते. कारखाना विकला गेला तेव्हा नव्या मालकांनी क्लबही त्यांच्या हाती दिला. माणूस गोड बोलणारा. ब्लाझो दारात दिसताच त्यांनी दोन्ही हात पसरले.

"या, या! तुम्हालाच फोन करणार होतो."

"केक झाल्यावर?"

रापावी साहेबांनी हात खाली घेतले. "हे बघा ब्लाझेय, आम्हाला तुम्हाला चकित करायचं होतं. सगळं गाव येणार. महापौर बोलणार. तुमचा शर्ट छताला टांगायचा ठरलाय."

"तो अजून माझ्या अंगावर आहे."

"अहो, सन्मान आहे तो! क्रेमनात आजवर कुणाचा टांगला नाही."

"कुणी मला विचारलं?"

"तुमचं वय विचारायची गरज आहे का? गुडघा बघा. पोरं मागे उभी आहेत. तुम्ही त्यांना शिकवा, मानानं राहा. आम्ही काय तुम्हाला शिक्षा करतोय?"

"न विचारता कुणाला फुलांत पुरतात ठाऊक आहे ना?" ब्लाझो म्हणाला. "त्याला आधी मरावं लागतं. मी मेलो की या."

घरी झेल्मीरा रात्रपाळी संपवून नुकतीच आली होती. ती रुग्णवाहिकेवर परिचारिका, त्यामुळे कुणाच्याही आदळआपटीनं बिचकायची नाही. नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, मग त्याची विजार वर सरकवून गुडघा दाबून पाहिला.

"दुखतो?"

"नाही."

तिनं आणखी जोरात दाबला.

"दुखतो, दुखतो! सोड बाई."

"दोन हंगाम निघतील," ती म्हणाली. "तिसरा काढलास तर म्हातारपणी जिना चढताना मला हाक मारायची नाही. आणि एक सांगते. खेळायचं तर खेळ, नाही तर नको खेळूस. पण वर्षभर या टेबलाशी बसून रापावीच्या नावानं बोटं मोडणार असशील तर मी आईकडे निघाले."

त्यानं दुसऱ्या क्लबांना फोन लावले. सगळे आदरानं बोलले, तब्येत विचारली, आणि कुणाचा उलटा फोन आला नाही. जुलै उजाडला. तो रोज सकाळी टेकडीवर पळायचा, दगडांनी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन. रस्त्यात भेटणारे लोक आता नजर चुकवायचे. समारंभ रद्द झाला होता, केक कुमार संघाच्या पोरांनी खाल्ला होता, आणि कुबालियाकला घमेंड चढली असं गावाचं मत झालं होतं.

मग एका संध्याकाळी फोन वाजला.

"ओळखलंस का रे?" पलीकडचा आवाज घोगरा होता. "तुझे दोन दात ज्याच्याकडे उधार आहेत, तो बोलतोय."

गेझा तुर्चोक. ब्रादलोचा एके काळचा बचावपटू, आता तिथला प्रशिक्षक. ब्रादलो म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला बावीस किलोमीटरवरचं गाव. क्रेमनाची माणसं तिथे लग्नाला जायची, दवाखान्यात जायची, अंत्यविधीलाही जायची. पण हॉकीच्या बाबतीत ब्रादलोचं पाणीसुद्धा पीत नसत.

"काय हवंय तुला?" ब्लाझोनं विचारलं.

"गोलसमोर उभा राहणारा माणूस. माझी पोरं नाचतात छान, पण मार बसला की कडेला पळतात. येतोस?"

"गेझा, मी क्रेमनाचा आहे."

"मला माहीत आहे कुठला आहेस ते. नऊ वर्षं शिव्या घातल्यात तुला. म्हणून तर विचारतोय. तुझ्या गावाला तू नकोयस. आम्हाला तू आवडत नाहीस, पण हवायस. बघ कुठलं बरं."

ब्लाझो हसला. मे महिन्यापासून पहिल्यांदाच हसला.

वडिलांना त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. रविवार होता, टेबलावर कोंबडीचं सूप वाफाळत होतं. आई वारल्यापासून सूप इम्रिखच करायचे आणि मिरी जास्त घालायचे.

"ब्रादलो," इम्रिख म्हणाले. त्यांनी चमचा खाली ठेवला. "दारू प्यायला असतास तरी चाललं असतं. तुरुंगात गेला असतास तर भेटायला आलो असतो. ब्रादलो!"

"त्यांनी मला बोलावलं, बाबा. आपल्यांनी घालवलं."

"रापावी म्हणजे क्रेमना नव्हे. असे दहा रापावी आले आणि गेले. तो क्लब मी आणि पंचवीस ओतकामगारांनी उभा केला. त्या बर्फाखालची पहिली माती मी खणली आहे."

"मग मी काय करू? घरी बसू?"

म्हाताऱ्यानं सुपातली मिरी चमच्यानं कडेला सारली. मग म्हणाला, "तुला जे करायचं ते तू करणारच. लहानपणापासून तेच. मीही माझं करणार. माझी जागा बाराव्या रांगेत आहे, तिथून मी हलणार नाही. आणि ब्रादलोच्या खेळाडूसाठी त्या जागेवरून आजवर जे केलं, तेच करीन. मग तो कुणाचा का मुलगा असेना."

"करा."

"सूप घे. निवतंय."

त्या विषयावर दोघं पुढे बोलले नाहीत. रविवारचं जेवण चालू राहिलं. हवा, बटाटे, शेजाऱ्याचा कुत्रा, असले विषय निघत. हॉकीचा नाही.

क्रेमनात सामना डिसेंबरच्या मध्याला आला. बस गावात शिरली तेव्हाच ब्लाझोनं पाहिलं, की बाजारपेठेतल्या खांबाखांबांवर त्याचं नाव लिहिलंय आणि नावाखाली 'गद्दार'. ब्रादलोची पोरं गप्प झाली. गेझा पुढच्या सीटवरून वळून म्हणाला, "माझं नाव त्यांनी कधी एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं नाही. जळतोय मी."

तो बर्फावर उतरला आणि चार हजार माणसांनी हुर्यो उडवत एकदम शिट्टी वाजवली. कानठळ्या बसवणारी, सुरीसारखी. नऊ वर्षं याच माणसांनी त्याच्या नावाचा घोष केला होता. मग छपराखालून काहीतरी येऊन पडलं. जुनी सपात. मग दुसरी, मग दहा, मग शंभरेक. घरात घालायच्या लोकरी सपाता, फाटलेल्या, झिजलेल्या. म्हातारा झालास, शेकोटीशी जाऊन बस, असा त्याचा अर्थ. माणसं हसत होती.

 ब्लाझोला क्षणभर वाटलं, वळावं आणि आत जावं. तेवढ्यात एक सपात त्याच्या खांद्यावर आपटली. तो वाकला, ती उचलली, उलटून तळ पाहिला आणि मागे उभ्या गेझाला ओरडून म्हणाला, "बेचाळीस नंबर! मला पंचेचाळीस लागतो!" मग हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि थेट क्रेमनाच्या गोलसमोर जाऊन उभा राहिला, जिथे तो आयुष्यभर उभा राहात आला होता.

दोन सत्रं त्याला जुन्याच मित्रांनी झोडपलं. पाठीवर, मनगटावर, पोटरीवर. एकानं पाडलं, दुसऱ्यानं वर पडून हळूच कानात विचारलं, "बायको बरी आहे ना?" आणि पुन्हा कोपर मारलं. ब्लाझो दर वेळी उठून तिथेच जाऊन उभा राहिला. तिसऱ्या सत्रात ब्रादलो एका गोलानं मागे होतं. एका पोरानं दुरून फटका मारला, चकती ब्लाझोच्या मांडीवर आदळली, गोलरक्षकाच्या पायाला लागली आणि लोळत, लाजत रेषेच्या आत गेली. तीन-तीन.

त्यानं हात वर केले नाहीत. पोरं येऊन अंगावर पडली तेवढं होऊ दिलं. मग बाराव्या रांगेकडे पाहिलं. इम्रिख उभे होते. डोक्यावर लोकरी टोपी, तोंडात दोन बोटं. सगळ्या मैदानाची शिट्टी एकीकडे आणि त्यांची एकीकडे, कारण ती ब्लाझोला ओळखू आली. कारखान्यामागच्या मैदानावरून जेवायला हाक मारायची तीच शिट्टी. पण आज ती हाक नव्हती. म्हातारा जीव तोडून पोराची निर्भर्त्सना करत होता, चेहरा लालबुंद. ब्लाझोनं स्टिक छातीशी धरून मान तुकवली. माझा गोल, तुमची शिट्टी, ठीक आहे.

सामना शेवटच्या मिनिटात क्रेमनानं जिंकला. ब्रादलोच्या पोरांनी मान खाली घातली. ब्लाझो मात्र बसमध्ये चढताना खिडकीतून ओरडणाऱ्या माणसांना म्हणाला, "फेब्रुवारीत परत येतो! सपाता मोठ्या आणा!"

रविवारी सूप घेताना इम्रिखच्यानं राहवलं नाही.

"तुला समोर एवढं मोकळं उभं राहू दिलं? लाज वाटली मला आमच्या बचावाची."

"आणि माझी?"

"तू विरुद्ध संघाचा. तुझ्याबद्दल मी कशाला बोलू?" त्यांनी ब्लाझोच्या ताटात कोंबडीची तंगडी टाकली. "आवाज बसलाय माझा तुझ्यामुळे. तीन दिवस झाले."

ब्लाझो ब्रादलोकडून अडीच हंगाम खेळला, म्हणजे झेल्मीरानं दिलेल्या मुदतीपेक्षा अर्धा जास्त. एकतीस गोल मारले, एकही देखणा नाही. क्रेमनात तो पाच वेळा गेला. शेवटच्या दोन वेळी शिट्ट्या विरळ झाल्या होत्या, आणि त्याचं त्याला थोडं वाईटच वाटलं. बाराव्या रांगेतली शिट्टी मात्र शेवटपर्यंत तेवढीच कर्कश राहिली.

एका मंगळवारी, जानेवारीत, सरावानंतर त्यानं स्केट काढले, गेझाशी हात मिळवला आणि गाडी चालवत घरी आला. झेल्मीरा बटाटे सोलत होती.

"गुडघा?" तिनं विचारलं.

"नाही. आज तीनदा चकतीपाशी उशिरा पोचलो. पोरं पुढे निघून गेली." त्यानं खुर्ची ओढली. "आणि मला राग आला नाही, झेल्मीरा. एकदाही नाही. मग म्हटलं, झालं."

तिनं सुरी ठेवली आणि त्याच्या मानेवर ओला हात ठेवला.

इम्रिखना त्यानं फोनवर सांगितलं. म्हातारा पलीकडून कडाडला, "हंगामाच्या मध्यावर? कोण सोडतं असं? अरे, एक वर्ष सहज काढलं असतंस!"