दगडावरची पांढरी जागा

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, तरी अख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणतो. रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांना तीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं ते हातात काहीतरी घेऊनच येतं. कधी जुन्या भिंतीचा पोपडा, कधी कपाटाची ढलपी, एकदा तर एक बाई उशीचा अभ्रा घेऊन आल्या होत्या. "अगदी हाच रंग हवा." मास्तर ती वस्तू दारातल्या उजेडात नेतात, आधी डावा डोळा मिटतात, मग उजवा, आणि पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडायला लागतात. आता दुकानात मशीनही आलंय. नंबर दाबला की रंग आपोआप पडतो. पण मशीनचा डबा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत येतं, आणि मालक खालच्या आवाजात म्हणतो, "मास्तर, जरा बघता का?" त्या वेळी मास्तर वर वर कपाळाला आठ्या घालतात आणि आतून असे खूश होतात की विचारू नका.

हे झालं सहा दिवसांचं. सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, मास्तर कुणाचे नसतात. सकाळी सहाला खांद्यावर झोळी, बगलेत घडीचं स्टूल आणि चिमटे लावलेला फळा घेऊन ते शहराबाहेरच्या तळ्यावर जातात आणि चित्र काढतात. त्यांचे जलरंग एका पत्र्याच्या डबीत असतात आणि पाणी जॅमच्या रिकाम्या बाटलीत. चित्रं फार थोर असतात असं काही नाही. झाडं कधी कधी फुलकोबीसारखी येतात. पण पाणी मात्र मास्तरांना साधतं. सकाळचं ऊन तळ्यावर आडवं येतं, तो अर्धा-पाऊण तास त्यांनी वीस वर्षं सोडला नाही.

आणि त्या वीस वर्षांतली साडेसतरा वर्षं त्यांच्यासोबत बायको असायची.

ती शाळेच्या ऑफिसात कारकून होती, तोंडाने फटकळ आणि पायाला भिंगरी. पहिल्याच रविवारी ती बरोबर निघाली, तेव्हा मास्तरांनी विचारलं, "तू काय करणार तिथं?" "ऊन खाईन, तळं बघीन. तळं काय तुम्ही एकट्याने विकत घेतलंय?" झालं! थर्मासमध्ये चहा, पिशवीत सोलायचे मटार आणि एक जुनाट छत्री घेऊन ती तळ्याच्या काठावरच्या सपाट दगडावर जाऊन बसली. तो दगड नेमका मास्तरांच्या चित्राच्या मधोमध. "अगं, जरा बाजूला हो ना." "का? मी काय वाईट दिसते?" यावर कुठला नवरा काय बोलणार? तेव्हापासून दगडावर बाई असलेलं तळं, हेच मास्तरांचं चित्र ठरून गेलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. जे पांढरं हवं, तिथला कागदच कोरा सोडायचा. शिवाय उघड्यावर चित्र काढणाऱ्याला सगळ्यात मोठी घाई उन्हाची. ऊन सरकलं की पाण्याचा रंग गेला, सावल्या गेल्या, सगळं गेलं. म्हणून मास्तर पेन्सिलीने बायकोची बारीक रेघ काढायचे, वर छत्री, खाली गुडघे, आणि तेवढी जागा कोरी सोडून आधी आकाश, मग पाणी, मग पलीकडचा काठ असं भराभर रंगवत सुटायचे. ती हाक मारून विचारायची, "अहो, माझं तोंड कधी काढणार?"

"घरी गेल्यावर. ऊन थांबत नाही. तू काय, आहेसच."

घरी गेल्यावर कसलं काय! जेवण, झोप, सोमवार, दुकान. पुढच्या रविवारी नवा कागद. बायको त्या कोऱ्या जागेला 'पांढरं भूत' म्हणायची. पाहुण्यांना चित्रं दाखवताना बोट ठेवून सांगायची, "हे तळं, हे झाड, आणि हे भूत म्हणजे मी." सगळे हसायचे आणि मास्तरही हसायचे.

अडीच वर्षांपूर्वी ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि अकराव्या दिवशी मास्तर एकटेच घरी आले. पलंगाखालच्या गठ्ठ्यात वाटून-फाडून उरलेली त्रेचाळीस चित्रं होती, आणि एकाही चित्रात ती नव्हती.

तळ्यावर जाणं त्यांनी सोडलं नाही. तिथं गळ टाकून बसणारा एक म्हातारा आहे. त्याला आजवर कुणी मासा धरताना पाहिलेलं नाही, पण तोही मास्तरांसारखा रविवार चुकवत नाही. त्याने दोन-तीनदा विचारलं, "काय मास्तर, बरं चाललंय ना?" मास्तर म्हणायचे, "चाललंय." दगड आता रिकामा असायचा. तरी चित्र संपवून उठताना बघावं तर हाताने दगडावर तेवढी जागा सोडलेलीच असायची. मास्तर त्या जागेकडे बघत बसायचे आणि त्यांना तिची इतकी आठवण यायची, की फळा आवरून घरी जाणंही नको वाटायचं.

या महिन्यात लेक आली. ती दूरच्या देशात नोकरीला निघाली होती. चार वर्षांचा करार, आणि त्याआधी बापाकडे पंधरा दिवस. दहाव्या दिवशी तिने पलंगाखालचा गठ्ठा बाहेर ओढला आणि चित्रं पलंगावर, जमिनीवर, खुर्चीवर मांडली. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

"बाबा, मला यातलं एक हवंय. तिकडे खोलीत लावीन. पण आईसकट. ही भोकं घेऊन मी काय करू? सोमवारी सकाळी माझं विमान आहे. तोवर एका चित्रात आईला बसव."

"त्यात काय, बसवतो की," मास्तर म्हणाले.

खरं तर काम एवढंसं होतं. चित्रातलं तोंड मटाराच्या दाण्याएवढं. रंगाचा एक थेंब, गालाखाली सावलीचा एक ठिपका, अंगात स्वेटर. कुणीही करील. त्या संध्याकाळी दुकानातून आल्यावर मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर दिवा ओढला, चित्र पुढ्यात घेतलं, कुंचला भिजवला आणि तसाच हवेत धरून बसले. स्वेटर कुठल्या रंगाचा होता?

परक्या घरांच्या भिंती ज्याला तोंडपाठ, त्या माणसाला बायकोचा स्वेटर आठवेना! निळा होता, हिरवा होता? तिने तो दहा-बारा हिवाळे घातला होता. पाहायचा तर आता कुठं पाहणार? ती गेल्यावर महिन्याभराने मास्तरांनीच तिचे कपडे पिशव्यांत भरून देऊन टाकले होते. कपाट उघडलं की जीव कासावीस व्हायचा म्हणून. आता त्याच कपाटापुढे उभं राहून त्यांनी स्वतःला चार शिव्या हासडल्या.

"मोरपंखी होता," लेक म्हणाली.

मास्तरांनी बशीत मोरपंखी केला.

"एवढा निळा नाही रे. थोडा पिवळट."

"असा?"

"हं... जरा मळका कर. खूप धुतलेला होता ना."

मास्तरांना हसू आलं आणि रडूही. घरात गिऱ्हाईक आलं होतं. नऊ वेळा रंग बदलला. दुकानातला रंग वाळला की गडद होतो, कागदावरचा वाळला की फिका पडतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वाळेपर्यंत थांबायचं. शेवटी दोघांनाही पटला तो रंग घेऊन मास्तरांनी कोऱ्या जागेत भरला, वर तोंड केलं, केस केले. नीट वाळू दिलं. मग दोघांनी मान वाकडी करून बघितलं.

दगडावर कुणीतरी एक बाई बसली होती. चांगली बाई होती बिचारी, पण ओळखीची नव्हती.

मास्तरांनी दुसरं चित्र घेतलं, तिसरं घेतलं. जलरंग एकदा बसला की बसला, खोडायची सोय नाही. शनिवारपर्यंत चार चित्रांत चार परक्या बायका येऊन बसल्या. मास्तरांच्या मनात भलतीच भीती शिरली. कोऱ्या जागेत निदान ती होती. आपणच तिला एकेका दगडावरून उठवून लावतोय.

"राहू दे बाबा," लेक म्हणाली. "मी कोरंच एक घेऊन जाते."

पण मास्तर आता हट्टाला पेटले होते. "उद्या तळ्यावर चल. तिच्या जागी तू बस. ऊन कुठून पडतं, मान कशी दिसते, ते मला नुसतं बघू दे. जमेल. तुला आईसकटच चित्र देणार."

रविवारी सकाळी दोघं निघाली. लेकीच्या अंगात पिवळं जाकीट, हातात आईची छत्री. गळवाला म्हातारा आधीच येऊन बसला होता. त्याने दुरून हात केला. आकाश स्वच्छ होतं आणि ऊन नुकतंच पाण्यावर यायला लागलं होतं. मास्तरांनी नेहमीच्या जागी स्टूल मांडलं, बाटलीत पाणी भरलं, कागद चिमट्यांत अडकवला. लेक उतरून दगडावर गेली आणि तळ्याकडे तोंड करून बसली.

"अगं, अशी नाही!" मास्तर ओरडले. "इकडे फीर."

"इकडे म्हणजे?"

"माझ्याकडे तोंड करून. आई अशीच बसायची. चित्रांत गुडघे बघितले नाहीस? सगळीकडे पुढूनच आहेत."

लेक वळून बसली. छत्री उघडली. थोडा वेळ इकडे तिकडे बघत राहिली.

"बाबा, आई इथं तळं बघायला यायची ना?"

"हो. ऊन खायला, तळं बघायला. पहिल्या दिवशी तसंच म्हणाली होती."

"मग अशी कशी बसायची? तळं तर माझ्या पाठीमागे आहे."

मास्तर कुंचला ओला करता करता थांबले.

"असं बसून तिला काय दिसत असणार?" लेकीने डोळ्यांवर हात धरला. "तुझ्यामागे नुसतं उघडं माळरान आहे. झाड नाही की काही नाही. बाबा, मला इथून फक्त तू दिसतोयस."

साडेसतरा वर्षं ती रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती. छत्री, खांदे, आपल्याकडे वळलेले गुडघे. रविवारमागून रविवार. आणि रेघ काढून होताच नजर तिच्या डोक्यावरून पाण्याकडे. ती मटार सोलत सोलत त्यांच्याकडे बघत बसायची आणि ते तिच्यामागचं तळं बघत बसायचे. एवढं सोपं होतं. एकदा मान खाली केली असती तरी पुरलं असतं. त्यांना तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं, की पाणी आणि दगड आणि लेकीची छत्री सगळं एकात एक मिसळून गेलं. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"बाबा? सुरू कर ना. ऊन चाललंय."

मास्तरांनी हाताच्या सवयीने आकाशाचा निळा घेतला. कुंचला कागदापर्यंत नेला. मग तो तसाच बाटलीत बुडवून धुऊन टाकला.

"हलू नकोस," ते म्हणाले. बायकोला हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"आधी आकाश करतोस ना?"

"आज आधी तू."

"आणि ऊन?"

"जाऊ दे जातं तर."

त्यांनी लेकीला मटाराएवढी काढली नाही. चांगली मोठी, जवळजवळ कागदभर काढली. डावा डोळा मिटून बघितलं, उजवा मिटून बघितलं. कपाळावर छत्रीची सावली होती. नाक आईचं होतं, हनुवटी त्यांची. जाकिटाचा पिवळा पहिल्या फटक्यात जुळला. माणसं काढायची सवय नव्हती, त्यामुळे एक कान जरा मोठाच झाला आणि हाताची बोटं गाजरासारखी आली. पण ती लेकच होती. दुसरी कुणी नव्हती. मध्ये ती म्हणाली, "मान अवघडली," आणि मास्तर म्हणाले, "अवघडू दे." पुन्हा म्हणाली, "आणि आईचं चित्र?" मास्तरांनी कुंचला पुन्हा बुडवला. ते बघत होते.

दोन तास गेले. ऊन डोक्यावर आलं, पाण्याचा रंग कधीच उडून गेला होता. लेक उठून आली आणि फळ्यासमोर उभी राहिली. मग तिने बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"हे मी नेत नाही. हे तुझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "मी भुताचं नेते."

तेवढ्यात गळ खांद्यावर टाकून म्हातारा घरी निघाला. हात नेहमीप्रमाणे रिकामेच. जाता जाता त्याने चित्रात डोकावून बघितलं. लेकीच्या सगळ्या बाजूंनी कागद कोरा होता.

"अहो मास्तर, आज पाणी कुठं गेलं?"

"पाणी काय, आहेच," मास्तर म्हणाले.

लेक स्टुलाची घडी घालत होती. एक पाय अडकला होता, तो काही केल्या मिटत नव्हता.